मदत हवी आहे: डाफ्नियाचे ठोके वाढेनात, सोमवारी सबमिशन

सातरस्ता_झू (शुक्रवार, रात्री ९.१०)
टीवाय बीएस्सी, झूलॉजी. प्रोजेक्ट: कॉफी दिल्यावर डाफ्नियाच्या (पाण्यातली बारीक पिसू) हृदयाचे ठोके किती वाढतात. पुस्तकात मिनिटाला दोनशेच्या आसपास किंवा वर लिहिलंय. मला ३५-४० च्या पुढे येतच नाहीत. कॉफी दिली तरी तेवढेच. तीन दिवस हेच करायलेय. काय चुकतंय? लवकर सांगा. गूगल करून झालंय, लिंका देऊ नका.

कडकभाकरी
कॉफी कसली, किती, कशात घातली? पाणी कुठलं? नुसतं 'काय चुकतंय' म्हटल्यावर आम्ही काय सांगणार ओ?

सातरस्ता_झू
कॉफी घरातली. पाणी साधंच.

कडकभाकरी
साधं म्हणजे नळाचं? मग क्लोरीननं अर्धमेले झाले असतील. दोन दिवस उघड्या बादलीत ठेवा, उडून जातं. आमच्या गल्लीत नळ चार दिवसांनी येतो, पाणी बॅरलात उभंच असतं. तेवढा एक फायदा.

सातरस्ता_झू
आरओचं आहे.

मत्स्यवेडा
आरओ?? त्यात कॅल्शियम नसतं, कवच कशाचं करणार ते? मी चार वर्षं टाकीत पाळतोय, आरओत एकदा सगळे गेले.

सातरस्ता_झू
अहो मला पाळायचे नाहीत. अर्धा तास स्लाइडवर ठेवायचेत फक्त.

पंखवाला_पीएचडी
डाफ्निया सोडा, झेब्राफिश घ्या. अंडं पारदर्शक, २४ तासांच्या सुमारास आत हृदय धडकताना दिसतं. शिवाय पाठीचा कणा असलेला प्राणी, निष्कर्षाला वजन येतं.

कडकभाकरी
आज शुक्रवार आहे. मासे आणणार कधी, ते अंडी घालणार कधी? कण्याचा प्राणी म्हटल्यावर कॉलेजच्या समितीला विचारायचं ते वेगळंच.

पंखवाला_पीएचडी
मी फक्त चांगला पर्याय सुचवला.

जुना_बीएस्सी_८४
आमच्या वेळी बेडूक असायचा. हृदय काढून सलाइनमध्ये ठेवलं तरी ठोके चालूच. ऑटो लोवी या शास्त्रज्ञानं १९२१ साली बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस छेडली, ते मंदावलं, त्याच्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! नस हृदयाशी रसायनातून बोलते हे त्यावरून कळलं. १९३६ चं नोबेल त्याला आणि हेन्री डेलला मिळून. मुलांनी बेडूकच करावा.

कडकभाकरी
काका, कॉलेजात बेडूक बंद होऊन बरीच वर्षं झाली.

जुना_बीएस्सी_८४
म्हणूनच आता कुणाला काही येत नाही.

मत्स्यवेडा
माझं ऐका, ती हृदय नाही, पाय मोजायलीय. डाफ्नियाचे पाय कवचात सारखे हलत असतात, नवीन माणूस हमखास फसतो.

कडकभाकरी
पाय मोजले असते तर शेकड्यात आले असते की. ३५ कसे?

सातरस्ता_झू
भांडू नका प्लीज. हृदय मधोमध आहे, लांबट, हळूहळू आवळतं आणि सैल होतं. पाय नाहीत ते.

निवृत्त_लॅबवाला
लांबट? हळूहळू? थांबा जरा. प्राणी आणले कुठून? डोळा काळा की लाल? पोहताना ठुमकत वर-खाली होतो, की बाणासारखा झटकन पुढे जातो?

सातरस्ता_झू
बार्शी रोडला मामाची विहीर आहे, तिथनं बाटली भरून आणली. पांढरे ठिपके पळत होते. डोळा एकच, लालसर. झटकन जातात. शेपटीला दोन्ही बाजूंनी पिशव्या लटकल्यात, अंड्यांच्या. म्हटलं अंडी आहेत म्हणजे तब्येत चांगली.

निवृत्त_लॅबवाला
तब्येत उत्तम आहे. पण तो डाफ्निया नाही, सायक्लॉप्स आहे. याला हृदयच नसतं. आतडं आणि अंग हलतं, त्यावरच आतला द्रव फिरतो. डाफ्नियाची अंडी पाठीकडे, कवचाच्या आत असतात. बाहेर पिशव्या लोंबत नाहीत.

सातरस्ता_झू
मग मी तीन दिवस काय मोजलं???

निवृत्त_लॅबवाला
आतडं.

जुना_बीएस्सी_८४
सायक्लॉप्स म्हणजे नारूवाला! पाण्यातून तो पोटात गेला की त्याच्यातून नारूचा जंत व्हायचा. माझ्या चुलत्याच्या घोट्यातून निघताना बघितलाय. पांढरा दोरा. काडीला रोज थोडा थोडा गुंडाळायचे, ओढला तर तुटेल म्हणून आजी कुणाला हात लावू देत नव्हती. पायरीच्या विहिरीचं पाणी तसंच प्यायचे लोक. फडक्यानं गाळलं असतं तरी सायक्लॉप्स वर राहिला असता. देशात शेवटचा रुग्ण १९९६ ला, २००० मध्ये नारूमुक्त जाहीर झालो.

मत्स्यवेडा
मामाला पाणी गाळून प्यायला सांगा.

कडकभाकरी
आत्ताच म्हणाले ना नारू गेला म्हणून.

निवृत्त_लॅबवाला
मूळ मुद्दा. मासेवाल्याकडे जिवंत खाद्य मागा. आपल्याकडे मिळतो तो बहुतेक मोइना असतो, डाफ्नियाचा धाकटा भाऊ. हृदय त्यालाही आहे, पण रिपोर्टमध्ये नाव बरोबर लिहा. त्यांच्याच पाण्यात ठेवा, आरओ नको. खोलगट स्लाइड घ्या, कापसाचे चार तंतू टाका म्हणजे पळत नाही. कव्हरस्लिपनं चिरडू नका. आधी ४ पटीचं भिंग, मग १०. डोळ्याच्या मागे, पाठीकडे, आतड्याच्या वर बघा. एवढ्या वेगात डोळ्यानं मोजता येत नाही: मोबाइल आयपीसवर धरा, सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन लावा. १० सेकंदांचं शूटिंग ८० सेकंद चालतं, त्यातले ठोके मोजून सहानं गुणा. तापमान प्रत्येक वेळी लिहा. एप्रिलातलं सोलापूर आणि वर मायक्रोस्कोपचा बल्ब, नुसत्या उष्णतेनंच ठोके वाढतात, श्रेय मिळतं कॉफीला. म्हणून काही प्राण्यांना कॉफीऐवजी नुसतं त्यांचंच पाणी द्या.

होटगीकर
मला बीपीची गोळी चालू आहे. कॉफीनं ठोके वाढतात म्हणजे मी चहा बंद करू का?

निवृत्त_लॅबवाला
ते डॉक्टरांना विचारा. इथं पिसवांचं चाललंय.

पंखवाला_पीएचडी
झेब्राफिशमध्ये हा घोळ झाला नसता.

सातरस्ता_झू (रविवार, रात्री ११.४०)
दिसलं!! काचेसारखं, एवढंसं, फडफडतंय नुसतं. १० सेकंदांत ४१, म्हणजे २४६. खोलीत ३४ डिग्री होतं. कॉफी चौघांना दिली: दोघांचे वाढले, एकाचे उलट कमी झाले, चौथा मेला. नुसतं पाणी दिलेले तिघं होते तसेच. मेलेला रिपोर्टमध्ये लिहायचा की पाचवा घेऊ?

मत्स्यवेडा
पाचवा घ्या.

निवृत्त_लॅबवाला
पाचवा घ्या, मेलेलाही लिहा. किती कॉफी होती तेही लिहा, 'घरातली' चालणार नाही.

सातरस्ता_झू
आणि आतड्याचे तीन दिवस?

निवृत्त_लॅबवाला
फोटो आहेत का त्याचे?

सातरस्ता_झू
व्हिडिओ आहेत. चौदा.