मदत हवी आहे : लॉजच्या भागीदारी करारात व्याज नको

मंडळी, भुसावळ स्टेशनजवळ मित्रासोबत लॉज चालवायला घेतोय. दारू नाही, जेवण हलाल, प्रत्येक खोलीत किब्ल्याची (नमाजाच्या दिशेची) खूण, एवढं ठरलंय. अडलंय करारनाम्यावर. सीएंच्या मसुद्यात भांडवलावर १२ टक्के व्याज होतं, ते काढायला लावलं. भांडवल त्याचं ६० टक्के, माझं ४०. शरियतप्रमाणे तोटा भांडवलाच्याच प्रमाणात. नफा मात्र निम्मा-निम्मा, कारण काउंटर मीच सांभाळणार. करारात लिहिलं नाही तर १९३२ चा भागीदारी कायदा तोटाही समान धरतो, म्हणून शब्द नेमके हवेत. मौलानांना तत्त्व मान्य आहे, पण कायद्याची भाषा त्यांचा विषय नाही. बँकेचं कर्ज कृपया सुचवू नका.

जळगाव-धुळ्यात कुणी असा करार केलाय का? तोट्याचं कलम कसं लिहिलंत? आणि भागीदार असून मॅनेजरचा वेगळा पगार घेता येतो, की फक्त नफ्यातला वाटा?