६४ बीट्स भरले की कॉन्ट्रा तयार?

बॉस्टनकर: कॉन्ट्रा म्हणजे समोरासमोरच्या दोन रांगांत जोड्यांनी करायचा अमेरिकी लोकनाच, धुनेच्या एका फेरीत ६४ बीट्स. त्यात बॅलन्स (हात धरून पुढे-मागे डोलणं) ४, स्विंग (जोडीने जागच्या जागी गरगर फिरणं) १२, चेन (दोघींनी मधून पलीकडे जाऊन समोरच्याबरोबर वळणं) ८, पूर्ण हे (चौघांनी एकमेकांना ओलांडत नागमोडी जाणं) १६. बेरीज ६४ झाली आणि जोडी एक घर पुढे सरकली की नाच तयार. एवढ्यासाठी कॉलर (नाचताना पुढची आकृती पुकारणारी) मंडळी रचनाकार म्हणून का मिरवतात?

लेझीमवाली: हे वाचून राहवलं नाही. आकडे बरोबर, पण अंगाच्या वळणाचं काय? सर्कल लेफ्ट, म्हणजे चौघं हात धरून डावीकडे, पाऊण फिरलात की अंग घड्याळाच्या दिशेने निघालेलं असतं. स्विंगही त्याच दिशेचा, म्हणून पाय आपसूक जातात. तिथे आठ बीट्सच्या स्विंगऐवजी दीड फेरी अलेमांड लेफ्ट घाला, म्हणजे डावा हात धरून उलट दिशेने फिरणं. बीट्स तेच आठ, पण अख्खी रांग अडखळते. आणि बॅलन्स धुनेच्या नव्या ओळीवर पडायला हवा. ओळीच्या मध्येच पडला तर फिडल कितीही रंगू दे, ठसका गेलाच.

जुना_खोंड: तुम्ही दोघंही सतत पळापळीच्या बाजूचे. जुने कॉलर राल्फ पेज यांच्या न्यू हॅम्पशरची जुनी चाल बघा. कोरस जिग या जुन्या नाचात पहिली जोडी बाहेरून खाली जाऊन येते, मग मधून, मग कॉन्ट्रा कॉर्नर्स (तिरक्या कोपऱ्यांतल्या दोघांना आळीपाळीने हात देऊन फिरणं). बाकीचे बराच वेळ उभे. दम खातात, धून ऐकतात.

लेझीमवाली: नुसतं उभं राहायला तिकीट काढायचं का?

जुना_खोंड: उभं राहणं हाही नाचच आहे. नसेल जमत तर सोडा!

चिमणी: चेनचं नाव निघालंच आहे तर बोलते. कर्टसी टर्नमध्ये, म्हणजे चेनच्या शेवटी जोडीने वळताना, न विचारता हात वर उचलून गरकन फिरवणाऱ्यांचं काय करायचं? मी रॉबिन म्हणून, म्हणजे जोडीतल्या उजवीकडच्या भूमिकेत, नाचते. एकाने असा हात पिरगळला की आठवडाभर खांदा वर जात नव्हता.

बॉस्टनकर: हात खाली दाबून धरायचा. नको म्हणायची खूण तीच आहे.

चिमणी: नवखीला ही खूण सांगतं कोण? वॉकथ्रूमध्ये, नाचाआधी आकृत्या चालून दाखवतात त्यात, तर कधीच ऐकली नाही.

लेझीमवाली: शंभर टक्के. वर ती गिरकी अनेकदा आठ बीट्समध्ये मावत नाही. पुढच्या बॅलन्सला समोरची बाई हात पुढे करून एकटी उभी.

बॉस्टनकर: बरं, अलेमांडचं मान्य, नुसती बेरीज पुरत नाही. मग चेननंतर लाँग लाइन्स (अख्ख्या रांगेने हात धरून पुढे-मागे) ठेवा, त्यात थोडा उशीर खपतो.

चिमणी: म्हणजे त्यांच्या गिरक्यांसाठी रचना बदलायची? अजिबात नाही. चेन शिकवतानाच कॉलरने ती खूण दाखवावी.

जुना_खोंड: कोरस जिगमध्ये चेनच नाही, एवढं सांगून ठेवतो.