उदास की विषण्ण?

जॉय डिव्हिजन या इंग्लिश रॉक बँडच्या संगीताला सगळे ‘मेलँकली’ म्हणतात. त्याला मराठीत काय म्हणायचं? ‘दुःखी’ नक्कीच नाही. ‘हुरहूर’ जवळची वाटते, पण हुरहुरीत कशाची तरी ओढ असते. इथं ती ओढच विझलेली आहे.

माझं मत ‘उदास’ला. मात्र तोंड पाडून बसलेला रोजचा उदास नव्हे. मूळ संस्कृतात उद् + आस्, म्हणजे अलग बसणं. तुकोबांच्या ‘उदास विचारें वेच करी’मध्ये हाच अर्थ आहे: खर्च करणारा खिन्न नाही, अलिप्त आहे. ‘उदासीन’मध्ये तो आजही टिकून आहे.

आता त्यांचा १९७९चा अल्बम ‘अननोन प्लेजर्स’ ऐका. निर्माता मार्टिन हॅनेटनं स्टीफन मॉरिसकडून ड्रमचे भाग वेगवेगळे वाजवून घेतले. त्यामुळे एकेक ठोका रिकाम्या खोलीत एकटाच पडल्यासारखा येतो. पीटर हुकचा बास वरच्या सुरांत धून वाजवतो, त्याचं कारण अगदी साधं आहे: बर्नार्ड समनरची गिटार इतकी मोठ्यानं वाजायची की खालचे सूर हुकला स्वतःलाच ऐकू येत नसत. म्हणून तो वर सरकला. खाली जी पोकळी उरली, तिच्यात इयन कर्टिसचा खर्जातला आवाज. सगळे एकत्र, तरी अंतर राखून. अलग बसणं ते हेच! हुक आणि समनरला हे ध्वनिमुद्रण तेव्हा रुचलं नव्हतं, कारण रंगमंचावर ते कितीतरी आक्रमक वाजवत. मला हॅनेटचंच पटतं. पुढच्या पोस्ट-पंक, म्हणजे पंक रॉकनंतरच्या शैलीतल्या, बँडांनी, अगदी न्यूयॉर्कच्या इंटरपोलपर्यंत, हे अंतरच उचललं. (पोस्ट-पंकचं ‘पंकोत्तर’ मात्र करू नये, मराठीत पंक म्हणजे चिखल.)

‘विषण्ण’ मी त्यांच्या पुढच्या अल्बमसाठी, ‘क्लोजर’साठी, राखून ठेवला आहे. वि + सद्. सद् म्हणजे बसणं, तसंच खचणंही. त्याच धातूला ‘प्र’ लागला की ‘प्रसन्न’ होतो, हे मला नेहमी विलक्षण वाटतं. कर्टिसला अपस्माराचा त्रास होता. १८ मे १९८० रोजी, वयाच्या २३व्या वर्षी, त्यानं आयुष्य संपवलं आणि जुलैमध्ये हा अल्बम आला. त्यातलं ‘द इटर्नल’ ऐका: संथ पियानो, आणि प्रत्येक ओळीबरोबर खाली बसत जाणारा आवाज. तिथं अलिप्तपणा उरत नाही, ‘उदास’ कमी पडतो.