बापाशी बोलणं कमी केलं म्हणून मुलगी वाईट का?

गोदाकाठची: माहेर परभणी जिल्ह्यातलं. बाबा निवृत्त मास्तर. गावात सोयरीक जुळवायची असो की बांधाचं भांडण मिटवायचं, बोलावणं बाबांनाच. घरात मात्र भाजीत मीठ कमी पडलं की आईशी आठवडा आठवडा अबोला. मला नोकरी लागली ती त्यांच्यामुळं, भावाचं लग्न मोडलं ते माझ्यामुळं, असं त्यांचं म्हणणं. झालेलं बोलून दाखवलं तर "असं काही झालंच नाही, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय." समुपदेशनानंतर खुलासे देणं बंद केलं. फोन रविवारी, तोही थोडाच. पगार, घराचा हप्ता, पोरांचे मार्क यातलं काही सांगत नाही, कारण तेच पुढं चारचौघांत काढलं जातं. झोप लागायला लागली. यंदा दिवाळीला जाणार नाही म्हटलं तर सगळे तुटून पडलेत.

बालाघाटचा_गडी: ताई, राग मानू नका, पण दोन रील बघितले की ज्याचा त्याचा बाप नार्सिसिस्ट, म्हणजे स्वतःच्याच मोठेपणात रमलेला, निघायलाय. बाहत्तरचा दुष्काळ बघितलेली माणसं ती. गोड बोलायला त्यांना कोण शिकवलं? माझाही बाप चाबूक घेऊन मागं लागायचा. म्हणून सणाला जायचं सोडलं नाही मी.

मनोविकार_विभागातली: लेबल फोनवरून लागत नाही, हे खरंच. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानाच्या पुस्तकात या नार्सिसिस्ट विकाराचे नऊ निकष आहेत, त्यातले किमान पाच जुळावे लागतात, आणि तेही तज्ज्ञानं तपासून. पण त्रास व्हायला निदान लागत नाही. दुष्काळानं तापट झालेला माणूस पारावरही तापटच असतो हो. इथं पारावर साखर आणि चुलीपाशी विस्तव आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान, टोमणे, मानसिक छळ हेही येतं, आणि तो फक्त नवऱ्यापुरता नाही. बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

लातूरची_सून: कायदा राहू द्या. तुम्ही सुटलात, आईचं काय? माझ्या नणंदेनं असंच येणं तोडलं. तिच्यावरचा सासऱ्यांचा राग आजतागायत सासूबाईंवर निघतो. जेवताना ताट सरकवलं जातं, "तुझीच फूस आहे" म्हणून. दूर जाणाऱ्या लेकीला हे दिसत नाही.

गोदाकाठची: दिसतं हो. म्हणूनच नातं तोडलं नाही, कमी केलं. आईला वेगळा मोबाइल दिलाय, बाबा दुपारी पारावर गेले की आम्ही दोघी बोलतो. गुडघ्याच्या उपचाराच्या निमित्तानं उन्हाळ्यात तिला इकडं आणते. "तू त्यांना सोड" असं मात्र म्हणत नाही. एकदा म्हटलं होतं, तर तिनंच फोन ठेवला.

बालाघाटचा_गडी: उद्या म्हातारा अंथरुणाला खिळला तर?

गोदाकाठची: खर्च देईन. २००७ चा ज्येष्ठांचा कायदा तेवढं मागतो, आणि तो नसता तरी दिला असता. शेजारी बसून शिव्या खायला मात्र येणार नाही.

बालाघाटचा_गडी: नाही पटत. दोन दिवसांचा तर सण असतो.

लातूरची_सून: दादा, त्या दोन दिवसांची धास्ती महिनाभर आधी सुरू होते. आईसाठी जावं असं मी अजूनही म्हणते, पण "दोन दिवसांचा तर सण" असं नका म्हणू.