मदत हवी आहे: फोटो सरळ करायला गेलो की आणखीच वाकडा होतोय

पायरीवरचा:
देवळाच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ आज सहा वाजेपर्यंत छापखान्यात द्यायचंय. फोटो वाकडा आहे. एकीकडून सरळ केला की दुसरीकडून कलतो, वर कोपऱ्यांत पांढरे त्रिकोण येतात ते वेगळेच. सकाळपासून तीनदा करून झालं. व्हिडिओच्या लिंका कृपया देऊ नका. फक्त कुठलं बटण दाबायचं ते सांगा.

रानजाई:
कुठलं सॉफ्टवेअर? मोबाइल की कॉम्प्युटर? फोटो कशाचा?

फुकटचंबू:
फोनवर स्नॅपसीड घ्या. रोटेट उघडलं की ते आपलं आपण सरळ करतं. मेहुण्याच्या लग्नाचे दोनशे फोटो मी असेच केले.

पायरीवरचा:
कॉम्प्युटर, गिंप. लग्न नाही, देऊळ आहे.

मापाडी:
गिंप २.१० किंवा त्यापुढचं असेल तर शिफ्ट+एम दाबा, मेजर टूल येतं. जी रेघ सरळ असायला हवी तिच्यावरून ओढा आणि टूल ऑप्शन्समधलं 'स्ट्रेटन' दाबा. त्याआधी तिथेच क्लिपिंगला 'क्रॉप विथ आस्पेक्ट' निवडा, त्रिकोण जातील. कॅनव्हास मात्र जुन्याच मापाचा राहतो, म्हणून शेवटी इमेज मेनूतून 'फिट कॅनव्हास टू लेयर्स'. हे व्हिडिओवाले हमखास गाळतात.

तिरपागडा:
फुकटातलं घेतलं की हे असं. फोटोशॉपमध्ये क्रॉप टूलमध्येच स्ट्रेटन आहे, कोपरेही भरून मिळतात.

मापाडी:
एक रेघ ओढायला महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे? की तुमचं ते दहा वर्षांपूर्वी मित्राने पेनड्राइव्हवर दिलेलं?

तिरपागडा:
विषय तो नाहीये.

पायरीवरचा:
भांडण नंतर करा हो. मी मेजर टूलनेच केलं होतं! दीपमाळेच्या डाव्या कडेवरून रेघ ओढली, स्ट्रेटन दाबलं. कड एकदम ताठ, आणि देऊळ डावीकडे पडल्यासारखं.

रानजाई:
दीपमाळ आहे हे आत्ता सांगताय! अहो, ती मुळातच वर निमुळती होत जाते. डावी कड उजवीकडे झुकलेलीच असणार. तीच तुम्ही उभी केलीत, मग देऊळ पडेल नाही तर काय? रेघ बुंध्याच्या मध्यापासून शेंड्याच्या मध्यापर्यंत ओढा. पायऱ्यांवरून ओढू नका, फोटो कोपऱ्यातून काढला असेल तर त्या तिरप्याच दिसतात.

घाटवाट:
दीपमाळ म्हटलं की जेजुरी! सोमवतीला गेलो होतो, गडावर फोटोसाठी हात वर करायला जागा नव्हती. भंडारा मोबाइलच्या स्पीकरमध्ये गेला, अजून आवाज खरखरतो. कोणाला उपाय माहीत आहे?

तिसरा_डोळा:
मुळात फोटो काढतानाच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ग्रिड चालू करायची. ही वेळच येत नाही.

पायरीवरचा:
फोटो गेल्या त्रिपुरीचा आहे. आता ग्रिड लावून परत दीपमाळ पेटवू का?
रानजाईताई, जमलं. दीपमाळ सरळ, देऊळही. पण सभामंडपाचे खांब वर एकमेकांकडे झुकलेत.

मापाडी:
फोन वर करून काढला असणार. ते फिरवून जात नाही. शिफ्ट+पी, पर्स्पेक्टिव्ह टूल, वरचे दोन कोपरे जरा बाहेर ओढा. पूर्ण उभे करू नका, वरचा भाग फुगतो.

फुकटचंबू:
स्नॅपसीडमध्येही पर्स्पेक्टिव्ह आहे.

रानजाई:
फोटो किती पिक्सेलचा आहे? ए-४ मुखपृष्ठ ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायचं तर २४८० बाय ३५०८ लागतात. आणि शीर्षक कुठे येणार?

पायरीवरचा:
१२०० बाय १६००. चालेल ना?

रानजाई:
व्हॉट्सॲपवरून आलेला दिसतोय. ज्याने काढला त्याच्याकडून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

पायरीवरचा:
म्हणजे सगळं पहिल्यापासून??

पायरीवरचा:
मागवला. ३००० बाय ४०००. पुतण्याने काढलेला, त्याच्या फोनमध्ये होता.

मापाडी:
मग निर्धास्त करा. तीन अंश फिरवून कडा कापल्या तरी साधारण २८०० बाय ३७४० उरतो. मधल्या वेळी एक्सीएफमध्येच (गिंपची स्वतःची फाइल) सेव्ह करा, जेपीजी अगदी शेवटी एकदाच.

तिरपागडा:
कापताना वरचं रिकामं आकाश ठेवू नका. दीपमाळेचा शेंडा वरच्या कडेला जवळजवळ टेकला पाहिजे, तरच फोटोला दम येतो.

रानजाई:
शीर्षकाचं विचारलं होतं मी.

पायरीवरचा:
ते छापखानावाला बघेल. ५:४० झाले. तिरपागडा म्हणतात तसं घट्ट कापलं, खरंच मस्त दिसतंय. पाठवला. सगळ्यांचे आभार!

पायरीवरचा:
छापखान्यातून फोन आला. विचारतायत, देवाचं नाव कुठे टाकू, आकाश तर तुम्ही सगळं कापून टाकलंत. एक्सीएफमधून कापलेलं परत मिळतं का?

मापाडी:
क्रॉप टूलमध्ये 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'वर टिक होती का?

पायरीवरचा:
ते कुठे असतं?