टाचदुखी: विटेचा शेक, व्यायाम की इंजेक्शन?

प्रश्न (रामबाग, इंदूर): आईची उजवी टाच कित्येक महिने दुखते आहे, सकाळी कोटा फरशीवर पहिले पाऊल टेकताच कळ येते आणि थोडे चालल्यावर ती ओसरते. एक्स-रेमध्ये हाड वाढलेले दिसल्याने डॉक्टर इंजेक्शन सुचवितात, तर मावशी तापलेल्या विटेवर रुईचे पान ठेवून शेकायला सांगतात. आईला मधुमेह आहे. काय करावे?

उत्तर १: वाढलेल्या हाडाचा धसका घेऊ नये, ते न दुखणाऱ्या टाचांतही आढळते. दुखणे बहुधा तळव्याच्या जाड पट्ट्याचे, म्हणजे प्लांटर फॅसिआचे असते. पलंगावरून उतरण्यापूर्वी पायाची बोटे हाताने नडगीकडे ओढून दहा सेकंद धरावीत आणि असे दहा वेळा करावे. शिवाय भिंतीला हात टेकून पोटरी ताणावी आणि घरातही, विशेषतः ओट्यापाशी तासन्‌तास उभे राहताना, मऊ तळाची चप्पल घालावी. बहुतेकांना वर्षभरात आराम पडतो, मात्र व्यायामात खंड पडता कामा नये.

उत्तर २: सुश्रुतसंहितेत यास वातकंटक म्हटले असून वैद्य त्यावर अग्निकर्मही, म्हणजे तापलेल्या सळईने डाग देणे, करतात. तथापि मधुमेहात तळव्याची संवेदना मंदावलेली असू शकते. चटका कळतच नाही आणि जखम चिघळते. म्हणून आईंसाठी वीट आणि अग्निकर्म दोन्ही टाळावे. रुईचा चीकही त्वचेला दाहक असतो. कोमट एरंडेलाने हलके मर्दन करण्यास माझी हरकत नाही.

उत्तर ३: इंजेक्शन स्टेरॉइडचे असल्यास आराम बहुधा काही आठवड्यांचाच असतो, रक्तातील साखर काही दिवस वाढू शकते आणि वारंवार घेतल्यास टाचेखालची चरबीची गादी झिजते. आधी व्यायाम करून पाहावा. टाचेला सूज किंवा बधिरपणा असल्यास मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.