ए४ मासिकासाठी ग्रिड: दोन कॉलम की तीन?

निळी_शाई
आमच्या वाचनगटाचं त्रैमासिक पहिल्यांदाच छापील निघतंय. ए४ आकार, ४८ पानं, आतून एकरंगी, मध्यभागी पिना. चार-पाच पानी लेख आहेत, कविता आहेत, फोटो आहेत. लेखांना टिपा भरपूर. मांडणी माझ्याकडे आली आहे. सॉफ्टवेअरवर काहीही खर्च करायचा नाही हे ठरलेलं आहे, म्हणून स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर वापरते आहे. ग्रिड (पान आखायच्या रेघांचा सांगाडा) दोन कॉलमचा घ्यावा की तीन? समास किती सोडू?

जाड_ठसा
डोळे झाकून १२ कॉलम. १२ ला २, ३, ४, ६ या सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे हवी ती मांडणी निघते. मी माहितीपत्रकापासून वार्षिक अहवालापर्यंत सगळं १२ वरच करतो आणि आजवर एकाही ग्राहकाने तक्रार केलेली नाही. आणि इनडिझाइनच घ्या. वर्गणी भरावी लागते, पण पैसे वसूल होतात.

निळी_शाई
खर्च करायचा नाही असं वर लिहिलंय.

समासवाला
कॉलमचं नंतर बघा, आधी आतला समास. आमच्या एका स्मरणिकेत मांडणीवाल्याने आतल्या बाजूला जेमतेम १० मिमी सोडले होते. परफेक्ट बाइंडिंग (पाठीला गोंद लावून बांधणी) झालं आणि डाव्या पानावरच्या ओळींची शेवटची अक्षरं पाठीत गडप झाली. लोक अंक दोन्ही हातांनी फाकवून वाचत होते. मुद्रकाने छापण्याआधी एका शब्दाने सांगितलं नाही. आत २५ मिमीच्या खाली उतरू नका.

खिळेजुळारी
समासवाला, त्यांच्या अंकाला पिना आहेत. पिनांचा अंक बराच सपाट उघडतो, आत २० मिमी पुरतात. पिनांमध्ये त्रास होतो तो बाहेरच्या कडेला. ४८ पानं म्हणजे १२ कागद एकात एक घातलेले. मधले कागद बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेच जास्त कापले जातात. म्हणून पृष्ठ क्रमांक कडेजवळ नेऊ नका, बाहेर निदान १५ मिमी ठेवा.

समासवाला
पिना असोत नाहीतर आणखी काही, २५ सोडून कुणाचं नुकसान झालेलं नाही.

कोरा_कागद
ए४ पान मुळातच सुवर्ण गुणोत्तरात असतं. मजकुराचा चौकोनही त्याच गुणोत्तरात काढा, पान आपोआप देखणं दिसेल.

अक्षरवेडी
ए४ सुवर्ण गुणोत्तरात नसतं. २९७ ला २१० ने भागा, १.४१४ येतं, म्हणजे २ चं वर्गमूळ. सुवर्ण गुणोत्तर १.६१८. वर्गमूळ घेण्यामागे साधं कारण आहे: पान मधोमध दुमडलं तरी प्रमाण तेच राहतं, ए४ चे दोन ए५ होतात.

कोरा_कागद
बरं, १.४१४. पण जुन्या हस्तलिखितांमध्ये आत, वर, बाहेर, खाली असे समास २:३:४:६ या प्रमाणात सापडतात, पुस्तकांची मांडणी करणारे यान चिखोल्ड यांनी ते दाखवून दिलंय. तसं करून बघाच.

अक्षरवेडी
ते २:३ प्रमाणाच्या पुस्तकी पानासाठी आहे, आणि त्यात मजकुराला पानाचा ४/९ भागच मिळतो. पुस्तकात फार सुंदर दिसतं. ४८ पानांत लेख, कविता, फोटो बसवायचे असतील तर एवढी मोकळी जागा आणायची कुठून?

मूळ प्रश्नाकडे येते. कॉलमची संख्या ओळीत किती शब्द बसतात त्यावरून ठरवा. आत २०, बाहेर १५ सोडले तर १७५ मिमी उरतात. ५ मिमी गटर (दोन कॉलममधली मोकळी जागा) धरून तीन कॉलम केले तर प्रत्येकी ५५ मिमी. ११ पॉइंटमध्ये एका ओळीत पाच-सहा शब्द. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, 'विद्यार्थ्यांसाठीसुद्धा' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. अशा अरुंद कॉलममध्ये दोन्ही कडा सरळ करायला गेलात की शब्दांमध्ये भोकं पडतात. दोन कॉलम घ्या, ८५ मिमी मिळतात. तीनच घ्यायचे असतील तर उजवी कड मोकळी सोडा. माझं मत स्पष्टपणे दोनकडे.

तिरकी_रेघ
मीही हेच सांगणार होते, १२ घ्या, कारण १२ ला २, ३, ४, ६ ने भाग जातो.

खिळेजुळारी
सगळे उभ्या रेघांबद्दल बोलताय. आडव्यांकडे कुणी बघितलंच नाही, आणि मासिक हातात धरल्यावर पहिल्यांदा खटकतात त्या आडव्या. शेजारच्या कॉलममधल्या ओळी एका पातळीवर नसणं, फोटोची खालची कड ओळीच्या मधेच संपणं, हे न कळणाऱ्यालाही खुपतं.

म्हणून आधी ओळींमधलं अंतर ठरवा. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, त्यामुळे ११ पॉइंटला १३ अंतर दिलं की ओळी एकमेकींत घुसतात. १५ घ्या. आता पानावर ४७ ओळी धरा. ४७ च का? त्यात १ मिळवला की ४८ होतात, आणि ४८ चे २, ३, ४, ६, ८ असे समान भाग, म्हणजे खण, पडतात. दोन खणांमध्ये एक ओळ मोकळी ठेवायची:

४ खण: ११ ओळींचे, मधे ३ मोकळ्या
६ खण: ७ ओळींचे, मधे ५ मोकळ्या
८ खण: ५ ओळींचे, मधे ७ मोकळ्या

तिन्ही बेरजा ४७. म्हणजे फोटो कुठल्याही खणात टाका, त्याची खालची कड ओळीवरच येते. वरची कड मात्र खणातल्या पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला लावा. ४७ गुणिले १५ म्हणजे ७०५ पॉइंट, जवळपास २४९ मिमी. वर २०, खाली २८ उरतात. झाले समास.

ही युक्ती माझी नाही. स्विस ग्राफिक डिझायनर कार्ल गेर्स्टनर यांनी १९६२ मध्ये 'कॅपिटाल' या जर्मन मासिकासाठी ५८ एककांचा ग्रिड केला होता. २ एककांचं गटर धरा आणि ५८ मध्ये २ मिळवा, ६० होतात. ६० ला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी भाग जातो. एकाच ग्रिडमध्ये सहा कॉलम (८ एककांचे) आणि पाच कॉलमही (१० एककांचे). इतका नेटका हिशेब मी दुसऱ्या कुठल्या ग्रिडमध्ये पाहिलेला नाही.

स्क्रायबसमध्ये डॉक्युमेंट सेटअपमध्ये बेसलाइन ग्रिड (ओळी ज्यांवर बसतात त्या आडव्या रेघा) १५ पॉइंट करा, त्याची सुरुवात वरच्या समासाशी जुळवा, आणि परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये 'अलाइन टू बेसलाइन ग्रिड' निवडा. कॉलमच्या रेघा मॅनेज गाइड्समधून.

जाड_ठसा
पॉइंटमध्ये कशाला? मुद्रक मिमीत बोलतो. मी सगळं मिमीत करतो.

खिळेजुळारी
१५ पॉइंट म्हणजे ५.२९ मिमी. तो अपूर्णांक ४७ वेळा सांभाळत बसायचं का? ओळी पॉइंटमध्ये, कागद मिमीमध्ये.

जाड_ठसा
मग ५.५ मिमी घ्यायचं, प्रश्न मिटला.

अक्षरवेडी
४७ ओळींचे २५८.५ मिमी होतील. वर-खाली मिळून ३८.५ उरतील, त्यातच पृष्ठ क्रमांक बसवायचा. खिळेजुळारींचे १५ पॉइंटच बरे. कॉलम मात्र दोनच.

समासवाला
आणि आत २५.

निळी_शाई
सगळ्यांचे आभार. काल दोन, तीन आणि बारा असे तिन्ही करून कागदावर काढून बघितले. मी पाच कॉलम घेते आहे. ३१ मिमीचे पाच, मधे ५ मिमी, बरोबर १७५. मजकूर दोन-दोन कॉलम जोडून ६७ मिमीत, म्हणजे ओळीत साधारण सात शब्द. बाहेरचा पाचवा कॉलम टिपा आणि फोटोओळींसाठी, ८ पॉइंटमध्ये, उजवी कड मोकळी. टिपा मजकुराच्या शेजारीच आल्या की वाचणाऱ्याला पानाच्या तळाशी उतरावं लागत नाही, आणि आमच्या लेखांमध्ये अर्धी गंमत टिपांमध्येच आहे. कवितांच्या पानावर तो कॉलम मोकळा ठेवणार. ४७ ओळी आणि ६ खण जसेच्या तसे घेतले. आत २०.

जाड_ठसा
पाचला कशानेच भाग जात नाही. अर्ध्या पानाची जाहिरात आली की काय करणार?

निळी_शाई
जाहिराती घेत नाही.

खिळेजुळारी
टिपांच्या कॉलमचं ओळींचं अंतर १० पॉइंट ठेवा. टिपांच्या तीन ओळी म्हणजे मजकुराच्या दोन, दर तिसऱ्या ओळीला दोन्ही पुन्हा जुळतात. त्या कॉलमसाठी वेगळी स्टाइल करा आणि तिला बेसलाइन ग्रिड लावू नका, नाहीतर तीही १५ वर ताणली जाईल.